सनद आणि शील

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आधी एक खुलासा. आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. वडगाव मावळच्या कोर्टात काम करणारे आपल्याच समाजातले आम्ही चौघे-पाच वकील मिळून या भाषणाचे मुद्दे काढले आणि बोलायला एकाला पुढे केलं. समितीने विषय सुचवला होता ‘कायदा आणि आपण’. तो घेतला तर भोजनदानाची वेळ टळून जाईल आणि भगिनीवर्ग आम्हाला पुन्हा बोलावणार नाही. म्हणून त्यातला एकच प्रश्न घेतला आहे. आपल्या वस्त्यांतली बरीच मुलं-मुली आता कायद्याचं शिक्षण घेऊ लागली आहेत. लोणावळ्याहून, कामशेतहून, तळेगावहून सकाळच्या लोकलने पुण्याला जातात, रात्री परततात, नोकऱ्या सांभाळून अभ्यास करतात. पास होतात. आणि सनदेचा अर्ज भरायची वेळ आली की काही घरांतले आई-वडील आमच्याकडे येऊन आवाज खाली करून विचारतात, “साहेब, सनद मिळेल ना? पोराच्या नावावर एक केस आहे.”

या प्रश्नाचं सरळ उत्तर आज द्यायचं आहे.

पदवी वेगळी आणि सनद वेगळी, हे प्रथम ध्यानात घ्यावं. एलएल.बी.ची पदवी विद्यापीठ देतं. वकिलीची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल देते, आणि त्याशिवाय अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. पदवी सांगते की या माणसाला कायदा किती येतो. सनद देताना मात्र विचारलं जातं की हा माणूस कोण आहे, आजवर कसा वागला आहे, लोकांनी याच्या हाती आपली कागदपत्रं द्यावीत का. जगात बहुतेक सगळीकडे ही चौकशी असते. इंग्लंडात आहे, अमेरिकेत तर त्यासाठी स्वतंत्र समित्या आहेत. डॉक्टरच्या हाती आपण शरीर देतो, तसं वकिलाच्या हाती घरदार देतो, म्हणून ही चौकशी.

मावळच्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको. आपल्याकडे द्रुतगती मार्ग आला, बंगल्यांच्या सोसायट्या आल्या, लोणावळ्याच्या आजूबाजूची डोंगरउताराची जमीनसुद्धा गुंठ्यावर विकली जाऊ लागली. आपल्या वाडवडिलांच्या महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्यानंतर नवीन शर्तीवर परत मिळाल्या. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं लिहिलेलं असतं ते त्यामुळेच. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही कुलमुखत्यारपत्रावर अंगठे घेतले जातात, कोऱ्या स्टँपवर सह्या घेतल्या जातात, आणि म्हातारी सांगते, “वकीलसाहेबांनी सांगितलं म्हणून केली सही.” वकील कसा आहे यावर तीन पिढ्यांचं नशीब ठरतं ते असं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ज्याने केली त्याला बहुधा कोर्टाचा नव्हे, पायरीवर उभ्या असलेल्या वकिलाचा अनुभव आला असावा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. वकिलांसाठी १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आहे. त्याचं कलम २४ सांगतं की अर्जदार साधारणपणे भारताचा नागरिक असावा, त्याला २१ वर्षं पूर्ण झालेली असावीत, मान्यताप्राप्त कायद्याची पदवी असावी, ठरलेली फी भरलेली असावी आणि राज्य बार कौन्सिलच्या नियमांतल्या अटी त्याने पूर्ण केलेल्या असाव्यात. गंमत अशी की ‘चांगलं चारित्र्य’ असे शब्द या पात्रतेच्या यादीत नाहीत. चारित्र्याची परीक्षा पुढच्या २४-अ या कलमात आहे आणि ती उलट बाजूने आहे. कोण चांगला हे कायदा सांगत नाही, कोणाला घेऊ नये तेवढं सांगतो. हे कलम १९७३ च्या दुरुस्तीने आलं.

त्यात तीन प्रकारची माणसं आहेत. पहिला, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात ज्याला शिक्षा झाली तो. चोरी, फसवणूक, बनावट दस्तऐवज, लाच असे गुन्हे यात सर्वसाधारणपणे धरले जातात. तिसरा, सरकारी नोकरीतून अशाच नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून ज्याला बडतर्फ केलं किंवा काढून टाकलं तो. हा प्रकार १९९३ च्या दुरुस्तीने वाढवला. दुसरा आम्ही मुद्दाम मागे ठेवला.

दुसरा आहे, अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम, १९५५ खाली ज्याला शिक्षा झाली तो.

बंधूंनो, हे वाक्य सावकाश वाचण्यासारखं आहे. खून, चोरी, लबाडी हे सगळे गुन्हे ‘नैतिक अधःपतन’ या एका शब्दात गुंडाळले आहेत. त्यांची नावं घेतलेली नाहीत. नाव घेऊन वेगळा काढला आहे तो एकच कायदा, अस्पृश्यतेचा. पाणवठ्यावर अडवलं, देवळात मज्जाव केला, हॉटेलात कप वेगळा ठेवला आणि त्याबद्दल शिक्षा झाली, तर तो माणूस काळा कोट घालायला लायक नाही, असं संसदेने लिहून ठेवलं. १९७६ साली या कायद्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झालं, पण २४-अ मध्ये जुनंच नाव राहिलं आहे. शेकडो वर्षं आपल्या स्पर्शाने दुसऱ्याला डाग लागतो असं सांगितलं गेलं. इथे कायद्याने डाग कोणाला लागतो ते उलटं करून सांगितलं. संविधानाच्या १७ व्या कलमातून बाबासाहेबांनी जे पेरलं, त्याचं एक रोपटं वकिलांच्या कायद्यात असं उगवलं आहे. आमच्या कोर्टातल्या कितीतरी वकिलांना हे पोटकलम माहीत नसतं. विचारून पाहा.

मात्र जे आहे त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नुसती तक्रार झाली म्हणून हे कलम लागत नाही, शिक्षा व्हावी लागते. आणि गावात तडजोडीचा दबाव कसा येतो, साक्षीदार कसे फिरतात, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. शिवाय शिक्षा भोगून सुटल्यावर, किंवा नोकरीतून काढल्यावर, दोन वर्षं गेली की ही अपात्रता संपते. ही दोन वर्षांची मुदत सुप्रीम कोर्टालाही पुरेशी वाटली नाही. २०१६ साली महिपालसिंह राणा प्रकरणात कोर्टाने या तरतुदीचा फेरविचार व्हावा असं म्हटलं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट झाली. सनद घेतल्यानंतर असा गुन्हा सिद्ध झाला तरी हेच कलम लागू होईल, आधीच वकील आहे म्हणून त्याला सूट नाही, असं ठरलं. आमचं स्वतःचं मत असं की १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं नावही २४-अ मध्ये स्वच्छ लिहिलं गेलं पाहिजे. आज ते तिथे नाही. ‘नैतिक अधःपतना’त ते बसतं असा युक्तिवाद करता येतो, पण जे नाव घेऊन सांगता येतं ते युक्तिवादावर का सोडावं?

आता दुसरी बाजू. चारित्र्याची ही चाळणी नेहमी न्यायाने वापरली गेली असं समजू नका. चाळणी कोणाच्या हातात आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. १८९४ साली नाताळमध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत, गांधीजींनी वकिलीसाठी अर्ज केला तेव्हा तिथल्या गोऱ्या वकिलांच्या संस्थेने विरोध केला. चारित्र्याचे दाखले गोऱ्या व्यापाऱ्यांकडून आणावे लागले. विरोधाचं खरं कारण कातडीचा रंग होता, कागद दाखल्यांचे होते. न्यायालयाने तो विरोध फेटाळला. गांधीजींशी आपले मतभेद जगजाहीर आहेत, ते इथे मिटवायचे नाहीत; पण त्यांच्या दारात अडवणारा जो होता, तो आपल्या ओळखीचा आहे. पुढे १९२२ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेनंतर लंडनच्या इनर टेंपलने त्यांचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं आणि ते पुन्हा घालायला १९८८ साल उजाडलं. त्याआधी १९०९ मध्ये ग्रेज इनने वि. दा. सावरकरांना, परीक्षा पास झालेल्या असतानाही, राजकारणामुळे बॅरिस्टर करण्यास नकार दिला होता. विचार कोणाचेही असोत, इंग्रज सरकारविरुद्ध असणं हेच तिथे ‘वाईट चारित्र्य’ होतं. स्त्रियांचं तर विचारूच नका. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. बायकांना वकिली करता येईल असा कायदा इथे व्हायला १९२३ उजाडलं. स्त्री असणं हाच दोष.

आणि त्याच १९२३ साली जुलै महिन्यात मुंबई हायकोर्टात एका नव्या बॅरिस्टरने वकिली सुरू केली. ते म्हणजे आपले बाबासाहेब. ग्रेज इनमधून १९२२ साली ते बॅरिस्टर झाले होते. परदेशातल्या विद्यापीठांच्या पदव्या गाठीला होत्या आणि सनदेची फी भरायला पैसे नव्हते. त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी मदत केली तेव्हा सनद निघाली. सनद मिळाल्यावर तरी काय? हायकोर्टात बॅरिस्टरकडे तेव्हा काम यायचं ते सॉलिसिटरकडून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम देणारे सॉलिसिटर कुठून येणार? ज्या माणसाच्या शिलाबद्दल शत्रूलाही बोट दाखवता आलं नाही, त्याला व्यवसायाने असं वागवलं. तरी १९२६ मध्ये पुण्याला ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या बदनामी खटल्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर वगैरे ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची बाजू त्यांनी मांडली आणि अपिलात ते सुटले. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९३७ मध्ये हायकोर्टातून जिंकला. तळेगावला बाबासाहेबांचा बंगला आहे, देहूरोडला त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. मावळच्या लोकांना बाबासाहेब परके नाहीत. पण बाबासाहेब पोटासाठी वकिली करत होते आणि फीची चणचण त्यांनाही होती, हे आपल्या मुलांना सांगायला आपण विसरतो.

भन्तेजी इथे बसले आहेत म्हणून थोडं धाडस करून विनयपिटकाबद्दल बोलतो, चुकलं तर त्यांनी सांभाळून घ्यावं. संघात उपसंपदा घेताना उमेदवाराला प्रश्न विचारले जातात. तू कोणाचा गुलाम नाहीस ना? कर्जमुक्त आहेस ना? राजाच्या नोकरीत नाहीस ना? आई-वडिलांची परवानगी आहे ना? वीस वर्षं पूर्ण झाली का? आता सनदेचा अर्ज शेजारी ठेवून पाहा. वय विचारतात, नोकरी विचारतात, गुन्हा विचारतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची चौकशी आणि आजची चौकशी बरीचशी एका वळणाची आहे. त्या प्रश्नांत जात मात्र नाही. म्हणून तर न्हाव्याचं काम करणारे उपाली संघात विनयाचे सर्वांत मोठे जाणकार ठरले आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्यांच्याच तोंडून आला. संघाचे कायदेपंडित म्हणा हवं तर. अंगुलिमालाची गोष्टही सर्वांना ठाऊक आहे. त्याला संघात घेतलं, आणि लोकांच्या मनात भीती बसली तेव्हा पुढे कुप्रसिद्ध दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियमही झाला. माणूस बदलू शकतो हे तथागतांनी मानलं आणि लोकांचा विश्वास जपावा लागतो हेही मानलं. सनदेच्या कायद्यातली ओढाताण याच दोन गोष्टींत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. पोराच्या नावावर केस आहे.

आपल्या भागात केस कशी लागते? ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीच्या विरोधात द्रुतगती मार्गावर बऊरजवळ शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले, आणि आंदोलन करणाऱ्यांवरच गुन्हे दाखल झाले. भीमा कोरेगावच्या घटनेनंतर ३ जानेवारी २०१८ ला महाराष्ट्र बंद झाला, तेव्हाही ठिकठिकाणी तरुणांवर गुन्हे नोंदवले गेले. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवरून वाद, बेकायदा जमाव, रस्ता रोको, चॅप्टर केस. पूर्वी १०७ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १२६ झालं. नंबर बदलला, पोरं तीच.

असंच एका माऊलीचं झालं. नाव-गाव सांगत नाही. मुलगा हुशार, शेवटच्या वर्षाला, आणि बंदच्या वेळच्या एका गुन्ह्यात वीस-पंचवीस जणांत त्याचंही नाव. अर्ज भरून देणाऱ्या कोणा एजंटाने सल्ला दिला की गुन्ह्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहा, कोण बघतंय? आणि वर या सल्ल्याचे पैसे घेतले! ती बाई आमच्याकडे आली ती एवढंच विचारायला की, “खोटं लिहिलं तर मिळेल, खरं लिहिलं तर जाईल, असं आहे का?”

माऊली, असं नाही. उलटं आहे.

२४-अ मध्ये ‘शिक्षा झाली’ असे शब्द आहेत. ‘गुन्हा दाखल झाला’ असे नाहीत. एफ.आय.आर. म्हणजे शिक्षा नव्हे, अटक म्हणजे शिक्षा नव्हे, दोषारोपपत्र म्हणजेसुद्धा नव्हे. शिक्षा झाली तरी तो गुन्हा नैतिक अधःपतनाचा आहे का हे पाहावं लागतं. मनाईहुकूम मोडून रस्त्यावर बसणं आणि विधवेची जमीन लुबाडणं हे एका तराजूत बसत नाही. एखाद्याला दोषी ठरवूनही १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं असेल, तर त्यालाही २४-अ लागत नाही, असं त्याच कलमात लिहिलं आहे. अमेरिकेत १९५७ साली श्वेअर नावाच्या माणसाला न्यू मेक्सिको राज्याने वकिलीच्या परीक्षेला बसू दिलं नाही. तरुणपणी तो कम्युनिस्ट होता, खोटं नाव लावून राहिला होता, संपाच्या वेळी त्याला अटक झाली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा निर्णय रद्द केला. नुसत्या अटकेवरून माणसाने गैरवर्तन केलं असं सिद्ध होत नाही, हे त्या निकालात स्पष्ट आहे. आपल्याकडच्या कोर्टात हा निकाल बंधनकारक नाही, पण विचार करण्यासारखा आहे.

आता लपवण्याचं पाहू. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र असतं. त्यात खोटं लिहिलं की जी गोष्ट अडचणीची नव्हती ती अडचणीची होते. कलम २६ नुसार महत्त्वाची बाब चुकीची सांगून किंवा फसवणुकीने सनद मिळवली असेल, तर बार कौन्सिल ऑफ इंडिया त्या माणसाचं नाव यादीतून काढून टाकू शकते. दहा वर्षं वकिली झाल्यावरसुद्धा. आणि विरोधी पक्षकार तुमचा जुना कागद शोधून काढणार नाही असं समजू नका. जमिनीच्या भांडणात माणसं पणजोबाचा कागद काढतात. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीबाबत अवतारसिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये हाच सूर लावला होता, माहिती खरी द्या, ती लपवली का आणि बाब किती गंभीर होती हे मग पाहिलं जाईल. २०२४ च्या सप्टेंबरात तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने कॉलेजांनाच विद्यार्थ्यांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासायला सांगितलं. म्हणजे प्रश्न आता सनदेच्या आधीच, कॉलेजात विचारला जातो. मुसावादाचं शील आपण दर रविवारी घेतो. अर्जातला तो रकाना म्हणजे त्या शिलाची पहिली तोंडी परीक्षा, आणि ती वकील होण्याच्या आधीच द्यावी लागते.

म्हणून काय करावं? एफ.आय.आर.ची प्रत काढावी. केस कुठल्या टप्प्यावर आहे, सुटका झाली असेल तर निकालाची प्रत, सरकारने खटला मागे घेतला असेल तर कोर्टाचा आदेश, हे सगळं जोडावं आणि चार ओळींत खरं काय ते लिहावं. चौकशीला बोलावलं तर जावं. नोंदणी समितीला अर्ज नाकारायचा असेल तर तिला परस्पर नाकारता येत नाही, कारणांसह प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे मतासाठी पाठवावं लागतं. म्हणजे एका टेबलावर बसलेल्या एका साहेबाच्या मर्जीवर तुमचं नशीब नाही. त्या मुलाने असंच केलं. एजंटाला दिलेले पैसे मात्र परत आले नाहीत.

दुसरी एक अडचण आपल्या समाजात फार आहे, तीही सांगतो. देहूरोडच्या डेपोत, आयुध निर्माणीत, लोणावळ्यात आय.एन.एस. शिवाजीला, रेल्वेत नोकरी करता करता आपल्या पुष्कळ बांधवांनी एलएल.बी. केलं. अभिनंदनाचीच गोष्ट आहे. पण पूर्ण वेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. नोकरी लपवून सनद घेतली तर तेही खोटंच. आधी निवृत्ती किंवा राजीनामा, मग सनद. एका डॉक्टरांनी दवाखाना चालू ठेवून सनद मागितली होती. आपल्याच महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने नाकारली आणि सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये चुलानी प्रकरणात तो नियम योग्य ठरवला. डॉक्टरला मिळाली नाही, तिथे स्टोअरकीपरने वाईट वाटून घेऊ नये.

फीबद्दल मात्र चांगली बातमी आहे. कायद्यात सर्वसाधारण उमेदवाराला एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये नोंदणी फी लिहिलेली आहे. प्रत्यक्षात निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेतले जात होते, काही राज्यांत तर चाळीस हजारांच्या वर. ३० जुलै २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. पारडीवाला यांनी गौरव कुमार प्रकरणात निकाल दिला की कायद्यातल्या आकड्यापेक्षा जास्त फी नोंदणीसाठी घेता येणार नाही, आणि अशी फी दुर्बल घटकांच्या समान संधीच्या आड येते. आधी भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, हेही त्यात आहे. बाबासाहेबांना भथेनांकडे जावं लागलं त्यानंतर एकशे एक वर्षांनी हा निकाल आला. सवलतीसाठी जातीचा दाखला लागतो. बौद्ध झालो म्हणून सवलत गेली असं अजूनही काही जणांना वाटतं. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात घेतलं आहे. दाखला योग्य नमुन्यात काढून ठेवा, परीक्षेच्या निकालाची वाट पाहू नका.

सनद मिळाल्यावर चारित्र्याची चौकशी संपते असंही नाही. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात उभं राहून गिऱ्हाईकं ओढणाऱ्या, एकमेकांच्या हातातले कागद हिसकावणाऱ्या वकिलांचं प्रकरण सत्तरच्या दशकात महाराष्ट्र बार कौन्सिलने सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं. दाभोळकर प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. हे गैरवर्तनच आहे असं कोर्टाने सांगितलं. कलम ३५ खाली कोणत्याही पक्षकाराला वकिलाविरुद्ध राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. समज देणं, सनद काही काळ निलंबित करणं, नाव कायमचं काढून टाकणं, इथपर्यंत शिक्षा आहे. वर्षभरात तक्रारीचा निकाल लागला नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. वकिलाने पैसे घेतले आणि तारखेला उभा राहिला नाही, नुकसानभरपाईचा चेक स्वतःच्या खात्यात ठेवला, तर नुसतं हळहळू नका. लेखी तक्रार करा, शपथपत्र जोडा, पावती सांभाळा. तो वकील आपल्या समाजाचा असला तरी करा. आम्ही चौघे-पाच आहोत, आमच्याविरुद्ध असली तरी करा.

अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई १९८५ साली वकिलीत आले आणि २०२५ च्या मे महिन्यात देशाचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. त्यांनीही एके काळी असाच एक अर्ज भरला असेल, त्यातही असेच रकाने असतील.

यंदा ज्यांचं शेवटचं वर्ष आहे त्यांनी जातीचा दाखला, वयाचा पुरावा, गुणपत्रिका, आणि केस असेल तर तिचे सगळे कागद घेऊन पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या मागच्या खोलीत यावं. आम्ही दोघे तरी तिथे असू. फी लागणार नाही. पालकांनी सोबत आलं तर चांगलंच, फक्त आवाज खाली करून बोलायची गरज नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.